अमळनेरचं वनस्पती, तिळाची खूण आणि आपलं तूप

अमळनेरचं नाव निघालं की आपल्याकडे तीन गोष्टी हमखास निघतात. सखाराम महाराजांची यात्रा, साने गुरुजी आणि विप्रोचे शेअर. त्यातल्या शेअरच्या गोष्टी तर जामनेरच्या चहाच्या टपरीवरही रंगतात. कोणाच्या आजोबांनी घेतले, कोणी घाईत विकून टाकले, कोणाच्या ट्रंकेत कागद पडून राहिले आणि कोणाचं नशीब उघडलं.

पण त्या कारखान्यात सुरुवातीला बनत काय होतं, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. तिथे वनस्पती तूप बनत होतं. म्हणजे आपण सगळे ज्याला सरसकट 'डालडा' म्हणतो ते. डालडा हा दुसऱ्या कंपनीचा छाप, पण नाव सगळ्यांनाच चिकटलं. या पांढऱ्या, दाणेदार वस्तूमागे रसायनशास्त्राचा मोठा इतिहास आहे. दिवाळी तोंडावर आली की तूप आणि मावा खरा की खोटा याची जी कुजबुज सुरू होते, तिच्याशी या इतिहासाचा सरळ संबंध आहे. म्हणून ही लांबलचक पोस्ट. सवडीने वाचा.

२९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी काढली. कारखाना अमळनेरला. 'सनफ्लॉवर' छापाचं वनस्पती हा मुख्य माल, आणि जोडीला ७८७ नावाचा कपड्याचा साबण. जागा विचार करून निवडलेली दिसते. अमळनेर सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर आणि भोवती सगळा तेलबियांचा मुलूख. त्या काळी देशातलं वनस्पती मुख्यतः शेंगदाणा तेलापासून बनायचं. १९६६ मध्ये वडील अचानक गेले तेव्हा २१ वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतलं शिक्षण सोडून आले आणि त्यांनी हाच तेल-साबणाचा धंदा हातात घेतला. विप्रो हे नाव आणि काँप्युटर हे सगळं त्यानंतरचं.

आता मुद्द्याचं. शेंगदाण्याचं तेल पातळ असतं आणि तूप थिजतं. असं का?

हे पहिल्यांदा नीट उलगडलं मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने. तेल, चरबी, लोणी यांच्यावर त्याने बरीच वर्षं काम केलं आणि १८२३ मध्ये त्याचं मोठं पुस्तक आलं. त्याने दाखवलं की हे सगळे पदार्थ ग्लिसरीन आणि मेदाम्लं यांच्या जोडणीतून बनतात. फरक पडतो तो कोणती मेदाम्लं किती आहेत यामुळे. लोण्यात त्याला एक खास आम्ल सापडलं, ब्युटिरिक आम्ल. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

नंतर कळलं की मेदाम्ल म्हणजे कार्बनची लांब साखळी. साखळी सरळ असेल तर ती शेजारणीला चिकटून बसते, थर लागतात आणि पदार्थ थिजतो. साखळीत दुहेरी बंध असेल तर तिथे बाक येतो. बाकदार साखळ्या नीट रचल्या जात नाहीत, म्हणून तेल पातळ राहतं. गंजीत सरळ पऱ्हाट्या आणि वाकड्यातिकड्या फांद्या यात जो फरक, तोच इथे. मग त्या दुहेरी बंधाच्या जागी हायड्रोजन बसवला तर? बाक जाईल, साखळी सरळ होईल आणि तेल थिजेल. कागदावर सोपं आहे. पण नुसत्या तेलात हायड्रोजन सोडला तर काहीच होत नाही. दोघांची गाठ घालून देणारा मध्यस्थ लागतो.

तो मध्यस्थ सापडला फ्रान्समधल्या तुलूझला. पॉल साबात्ये आणि त्याचा सहकारी, पेशाने पाद्री असलेला सँडरेन्स, यांनी १८९७ पासून दाखवायला सुरुवात केली की बारीक निकेलच्या भुकटीवरून एथिलीनसारखा वायू आणि हायड्रोजन सोबत सोडले तर दोघं जोडले जातात. निकेल स्वतः खर्च होत नाही. याला आपण उत्प्रेरक म्हणतो. साबात्येला १९१२ चं नोबेल मिळालं. सँडरेन्सला त्यात वाटा मिळाला नाही.

पण साबात्येचं काम वाफेच्या रूपातल्या पदार्थांवर होतं. तेलाची तशी वाफ करता येत नाही. हे कोडं सोडवलं विल्हेल्म नॉर्मान या जर्मन माणसाने. तो कुठल्या विद्यापीठाचा मोठा प्राध्यापक नव्हता. हेरफोर्ड नावाच्या गावात तेल आणि ग्रीस बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत तो नोकरीला होता. त्याने निकेलची भुकटी थेट गरम तेलात कालवली आणि त्यातून हायड्रोजन सोडला. तेल घट्ट झालं. १९०२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. डोक्यात मुख्यतः साबण आणि मेणबत्त्या होत्या. पुढे इंग्लंडच्या क्रॉसफील्ड या साबण कंपनीने ही रीत मोठ्या प्रमाणावर वापरली. आणि १९११ मध्ये अमेरिकेत 'क्रिस्को' बाजारात आलं. ते कशापासून बनलं होतं? सरकीच्या तेलापासून. कपाशीवर जगणाऱ्या आपल्या तालुक्याने ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. दुसरीकडे जी सरकी जनावरांच्या दावणीत जात होती, तिच्यातून तिकडे स्वयंपाकघराचा मोठा धंदा उभा राहिला.

भारतात वनस्पती आधी हॉलंडहून डब्यांतून यायचं. तीसच्या दशकात इथे कारखाने निघाले आणि १९३७ मध्ये डालडा आलं. पिवळा डबा, त्यावर ताडाचं झाड. लग्नाच्या पंगतीत, मिठाईच्या दुकानात, हॉटेलच्या भट्टीवर वनस्पती शिरलं. कारण साधं होतं. तुपापेक्षा खूप स्वस्त, दिसायला तुपासारखं आणि महिनोन् महिने न खवटणारं. आठ वर्षांनी अमळनेरला कंपनी निघाली ती या लाटेवर.

आणि इथूनच भांडण सुरू झालं.

वनस्पती 'वनस्पती' म्हणून विकलं तर कोणाचं काही म्हणणं नव्हतं. पण ते तुपात मिसळलं तर डोळ्यांनी ओळखू येईना. गावोगाव लोणी कढवून तूप विकणाऱ्या बाईचा भाव पडला. खरं तूप विकणाऱ्यावरही गिऱ्हाईक संशय घेऊ लागलं. गांधीजींनी 'हरिजन'मधून वनस्पतीच्या विरोधात लिहिलं. स्वातंत्र्यानंतर संसदेतही बंदीची मागणी झाली. बंदी काही आली नाही. मग दुसरी मागणी पुढे आली, की निदान त्याला रंग तरी द्या, म्हणजे तुपात मिसळलं की दिसेल. ऐकायला एकदम रास्त. पण असा रंग मिळेना. तो खाण्याला निर्धोक हवा, तळताना टिकायला हवा आणि भेसळ करणाऱ्याला काढून टाकता येता कामा नये. या तिन्ही अटींत बसणारा भरवशाचा रंग सापडला नाही.

तोडगा निघाला तो आपल्या ओळखीच्या तिळातून.

तिळाच्या तेलात एक खास घटक असतो. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि साखर घालून हलवलं की खाली बसणारं ॲसिड लालगुलाबी होतं. बोदुआँ या फ्रेंच माणसाच्या नावाने ही चाचणी ओळखली जाते. पुढे इटलीच्या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी साखरेऐवजी फरफ्युराल वापरून ती जास्त नेमकी केली. साखरेवर ॲसिडची क्रिया झाली की त्याच जातीचा पदार्थ तयार होतो, रंग खरा त्याच्यामुळे येतो.

मग नियम असा झाला की देशात बनणाऱ्या प्रत्येक वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचं तेल घालायचं. अन्नभेसळीच्या १९५४ च्या कायद्याखालच्या नियमांतही ही अट होती. तिळाचं तेल डोळ्यांना दिसत नाही, चवीला कळत नाही, तळताना त्रास देत नाही. पण वनस्पती तुपात मिसळलं की ते तीळही तुपात जातात. तुपाला ॲसिड-साखर लावली की चोर लालेलाल. हा छुपा रंगच होता, फक्त विचारल्यावर बोलणारा. अमळनेर असो की शिवडी, कायदेशीर डब्यात ही खूण असणारच.

मला या सगळ्या इतिहासात ही युक्ती सगळ्यात मोठी वाटते. साबात्येला नोबेल मिळालं, नॉर्मानला पेटंट मिळालं, कंपन्यांना नफा मिळाला. पण तिळाच्या खुणेमुळे काय झालं ते बघा. भेसळ पकडायला मोठं यंत्र लागेना. कॉलेजच्या साध्या प्रयोगशाळेत, तालुक्याच्या ठिकाणी, पाच-दहा मिनिटांत उत्तर. ज्ञान वस्तू बनवणाऱ्याच्या हातात जितकं, तितकंच ती विकत घेणाऱ्याच्याही हातात. हे फार कमी वेळा घडतं.

आता या गोष्टीचा आपल्याकडचा भाग. हा बहुतेकांना माहीत नसतो.

तूप शुद्ध आहे की नाही हे बघायची आणखी एक जुनी चाचणी आहे. १८७९ मध्ये रायखर्ट या रसायनशास्त्रज्ञाने ती काढली, नंतर माइसलने सुधारली. म्हणून तिच्यातून निघणाऱ्या आकड्याला रायखर्ट-माइसल आकडा म्हणतात. वर ज्या ब्युटिरिक आम्लाची गोष्ट सांगितली, ते आणि त्याच्यासारखी वाफेबरोबर उडणारी आम्लं तुपात किती आहेत, हे यात मोजतात. ही आम्लं दुधाच्या तुपातच भरपूर असतात, तेलात आणि वनस्पतीत जवळपास नसतात. आकडा कमी भरला तर संशय घ्यायचा.

पण जनावराने काय खाल्लं यावर हा आकडा हलतो. कपाशीच्या मुलखात म्हशीला सरकी घालतात. सरकी खाणाऱ्या जनावराचं तूप घट्ट आणि रवाळ होतं, आणि त्याचा हा आकडा मुळातच कमी भरतो. एवढंच काय, सरकीच्या तेलाची ओळख पटवणारी जी वेगळी चाचणी आहे, तिची खूणसुद्धा दुधातून तुपात उतरते. म्हणजे प्रयोगशाळेतला माणूस म्हणणार, यात सरकीचं तेल आहे. आणि इकडे त्या बिचाऱ्याने तुपात एक थेंब मिसळलेला नाही. त्याच्या म्हशीने सरकी खाल्ली, एवढाच त्याचा गुन्हा.

सगळ्या देशाला एकच आकडा लावला असता तर कपाशीच्या पट्ट्यातला प्रामाणिक माणूस भेसळखोर ठरला असता. तसं होऊ नये म्हणून नियमांत 'कापूस पट्टा' अशी वेगळी सोय करावी लागली. जिथे जनावरांना सरकी भरपूर खाऊ घालतात असे भाग राज्य सरकारने जाहीर करायचे आणि तिथल्या तुपाला वेगळा आकडा लावायचा. विज्ञानाचा आकडा बरोबर असूनही न्याय चुकू शकतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. आकडा कुठल्या गोठ्यातून आला हे विचारावं लागतं.

इथवर गोष्ट भेसळीची झाली. पण खरा धोका तिसरीकडेच बसला होता आणि त्यावर ना 'हरिजन'मधल्या लेखांचं लक्ष होतं, ना संसदेतल्या भाषणांचं, ना कारखानदारांचं.

तेलात हायड्रोजन सोडताना सगळेच दुहेरी बंध भरले जात नाहीत. सगळे भरले तर मेणासारखा कडक गोळा होईल, म्हणून काम अर्धवट थांबवतात. या अर्धवट कामात निकेलवर काही दुहेरी बंध सुटतात आणि पुन्हा जुळतात, पण उलट्या बाजूने. बंध तसाच राहतो आणि बाक मात्र जातो. या वळणाला ट्रान्स म्हणतात. वनस्पतीचा तो छान दाणेदार घट्टपणा बऱ्याच अंशी या ट्रान्स फॅटमुळेच यायचा.

१९५७ मध्ये अमेरिकेत फ्रेड कुमेरो आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या शरीरात ही ट्रान्स मेदाम्लं साठतात असं दाखवलं. कोणी फारसं मनावर घेतलं नाही. १९९० मध्ये हॉलंडच्या मेन्सिंक आणि काटान यांनी निरोगी माणसांना मोजूनमापून आहार देऊन दाखवलं की ट्रान्स फॅट रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि चांगलं कमी करतं. म्हणजे दोन्हीकडून मार. कुमेरो मात्र हटला नाही. वयाच्या नव्वदीत त्याने अमेरिकन सरकारी यंत्रणेकडे अर्ज केला, दाद लागेना म्हणून पुढे कोर्टात गेला. २०१५ मध्ये तिथे अर्धवट हायड्रोजन भरलेल्या तेलांवर बंदीचा निर्णय झाला, तेव्हा तो शंभरीचा होता. भारतात तेल-चरबीतल्या ट्रान्स फॅटची मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणली गेली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती २ टक्के झाली.

नॉर्मानच्या १९०२ पासून मोजलं तर १२० वर्षं. तीन-चार पिढ्यांनी पंगती जेवल्या.

यात अमळनेरच्या किंवा कुठल्याही कारखान्याला आज आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचा माझा हेतू नाही. १९४५ मध्ये ही वस्तू कायदेशीर होती आणि ट्रान्स फॅटचं दुखणं कोणालाच माहीत नव्हतं. ज्या गरिबाला तूप परवडत नव्हतं त्याच्या ताटात तिने सणाचा पदार्थ आणला, हेही खरं. मुद्दा वेगळा आहे. सगळा देश 'हे तूप आहे की नाही' यावर भांडत राहिला आणि 'हे शरीरात जाऊन काय करतं' हा प्रश्न मागे पडला. आपण जे विचारतो तेवढंच रसायनशास्त्र सांगतं.

आता आजचं. तिळाची खूण अजूनही उपयोगी आहे, पण तिची मर्यादा ओळखा. ती फक्त तीळ घातलेलं वनस्पती पकडते. आता तुपात भेसळ करायला वनस्पतीच लागतं असं नाही. रिफाइंड पाम तेलासारखं स्वस्त काहीही चालतं. त्यात तीळ नाहीत, म्हणून चाचणी गप्प बसते आणि आपण समजतो तूप खरं. ही भेसळ पकडायला वनस्पतीत असणारे स्टेरॉल यंत्रावर शोधावे लागतात. ते यंत्र ना किराणा दुकानात असतं, ना गावच्या डेअरीत. म्हणजे सत्तर वर्षांपूर्वी जे उत्तर तालुक्यात मिळू शकत होतं, त्यासाठी आज नमुना दूर पाठवायचा आणि वाट बघायची. तोवर दिवाळी होऊन जाते आणि माल पोटात.

मग करायचं काय? दोन गोष्टी.

पहिली. अन्न सुरक्षा कायदा २००६ च्या कलम ४० नुसार नमुना तपासून घ्यायचा हक्क फक्त सरकारी अधिकाऱ्याला नाही, विकत घेणाऱ्या साध्या गिऱ्हाइकालाही आहे. फी भरायची, दुकानदाराला त्या वेळीच सांगायचं की हे तपासणीसाठी घेतोय, आणि अन्न विश्लेषकाकडून अहवाल घ्यायचा. माल नियमात बसत नाही असं निघालं तर फी परत मिळते. कायद्यात अहवालासाठी १४ दिवसांची मुदत आहे. हे कलम वापरणारी माणसं किती दिसतात? एकट्याला फी जड जाते, पण दहा घरांनी, एका गल्लीने, एका बचत गटाने मिळून एक नमुना तपासला तर जड नाही. पक्कं बिल मात्र मागून घ्या.

दुसरी. आपल्या तालुक्यात आणि जिल्ह्यात केमिस्ट्री शिकणारी शेकडो पोरं-पोरी आहेत. दर वर्षी तेच ते द्रावण ओतून जर्नल भरतात. दिवाळीआधी एक दिवस कॉलेजच्या लॅबमध्ये गावाचं तूप, दूध, मावा तपासायला ठेवा. शिक्षकांच्या देखरेखीखाली, बरं का. घरी कोणी ॲसिडशी खेळ करू नका, तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड डोळे आणि कातडी जाळतं. लॅबचा निकाल कोर्टात चालणार नाही हे मान्य. पण कोणता नमुना पुढे सरकारी तपासणीला पाठवायचा हे कळेल, आणि पोरांनाही कळेल की बोदुआँ आणि रायखर्ट ही नुसती परीक्षेत लिहायची नावं नाहीत.

आणि त्यांनी निकाल लिहिताना एक रकाना जास्त ठेवावा, जनावराला खायला काय होतं. सरकी, ढेप, की हिरवा चारा. आपल्या मुलखात हा रकाना कोरा ठेवून चालत नाही.

अमळनेरच्या शेअरने थोडी घरं श्रीमंत झाली, आनंद आहे. तिळाच्या खुणेत मात्र सगळ्यांचाच वाटा होता, ज्याने एकही शेअर घेतला नाही त्याचाही. तसा वाटा आजच्या भेसळीच्या बाबतीत आपल्याला परत हवा असेल तर तो मागावा लागेल.

कोणाच्या घरी जुन्या काळी तूप विकायचा धंदा असेल, किंवा अमळनेरच्या कारखान्यात कोणी कामाला असेल, तर खाली जरूर लिहा. आणि तुमच्या वॉर्डातल्या बचत गटाला कलम ४० सांगा.